वजनकाट्यावर तोललेला खोका

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, पावणे या पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्याच्या गेटवर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा टेम्पो लागला, की स्टोअरचा माणूस गठ्ठ्यातून एक खोका ओढतो आणि काट्यावर ठेवतो. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, ६०० ग्रॅम लिहिलेलं असतं, काटा ५८० दाखवतो. मग फोनाफोनी होते, माल परत पाठवायची भाषा होते आणि शेवटी बिलातून काहीतरी कापून माल आत घेतला जातो. या सगळ्या गडबडीत खोका किती भार पेलेल, हा प्रश्न कोणाच्या तोंडी येत नाही. छत्री किलोवर विकत घ्यावी, तसा हा व्यवहार आहे.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आणि भिवंडीच्या गोदामांत दर पावसाळ्यात खोके बसतात, म्हणजे भाराखाली चेपतात. खोके बनवणाऱ्या गाळ्यांतून वर्षभर कतरण, म्हणजे कापून उरलेला पुठ्ठा, बाहेर पडत राहते. पहिल्या गोष्टीला आपण पॅकिंगची तक्रार म्हणतो आणि दुसरीला कारखान्याचं वेस्टेज, पण माझ्या मते दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी होते: खरेदीच्या कागदावर, जिथे ताकदीच्या जागी वजन लिहिलेलं असतं. तो रकाना तसाच ठेवून कारखान्यात वेस्टेजवर मीटिंगा घेणं म्हणजे वेळ घालवणं.

खोक्याची ताकद येते कुठून, हे आधी बघायला हवं. दोन सपाट कागदांच्या, म्हणजे लायनरच्या, मध्ये नागमोडी फ्लूट चिकटवला की थ्री प्लाय तयार होतो. आणखी एक फ्लूट, आणखी एक लायनर चढवला की फाइव्ह प्लाय. वरून भार आला की तो चार भिंतींवर उतरतो, पण सगळीकडे सारखा नाही. साधारण दोन तृतीयांश भार चार कोपरे आणि त्यांच्या लगतचा भाग उचलतो. भिंतीचा मधला भाग आधी बाहेर फुगतो, मग कोपऱ्याला घडी पडते आणि खोका खाली बसतो. तेव्हा थप्पीत टिकायचं तर दोन गोष्टी लागतात. उभ्या कडेवर दाब आला तर पुठ्ठा तो सोसतो का, आणि पुठ्ठ्याची जाडी किती आहे.

बाजारात मात्र बोली चालते बीएफची. १६ बीएफ, १८ बीएफ, २२ बीएफ. कागदाखालून रबरी पडदा फुगवत न्यायचा, कागद ज्या दाबाला फाटेल तो आकडा घ्यायचा आणि त्याला हजाराने गुणून जीएसएमने, म्हणजे एक चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनाने, भागायचं, की बर्स्ट फॅक्टर, म्हणजे बीएफ, मिळतो. १८ बीएफचा १५० जीएसएम कागद दर चौरस सेंटिमीटरला २.७ किलो दाबावर फाटणार, असा त्याचा अर्थ. ही चाचणी एकोणिसाव्या शतकात जन्मली आणि ती निरुपयोगी मुळीच नाही. खोक्यात नटबोल्ट भरलेत, खोका आदळला तर ते भिंत फोडून बाहेर येऊ नयेत, यासाठी बर्स्ट हवाच. पण गोदामातले बहुतेक खोके फाटत नाहीत, बसतात. फाटण्याची चाचणी करून बसण्याचा अंदाज येत नाही.

तो अंदाज कसा बांधायचा, हे काही गुपित नाही. अमेरिकेत ॲपलटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ पेपर केमिस्ट्रीमध्ये मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्येच एक सूत्र मांडलं. पुठ्ठ्याची कडेची दाबक्षमता, पुठ्ठ्याची जाडी आणि खोक्याचा परीघ, एवढ्या तीन आकड्यांवरून खोका किती भार घेईल याचा बऱ्यापैकी अंदाज त्यातून येतो. तिथल्या वाहतुकीच्या नियमांनी १९९१ मध्ये बर्स्टला पर्याय म्हणून कडेची चाचणी, म्हणजे ईसीटी, मान्य केली. आपण अजून काट्यावरच आहोत.

सूत्रात आकडे घालून पाहिले की गंमत कळते. ४०० बाय ३०० बाय ३०० मिलिमीटरचा साधा थ्री प्लाय खोका घ्या. कडेची क्षमता दर मीटरला ४ किलोन्यूटन, बी फ्लूट, जाडी ३ मिलिमीटर. उत्तर साधारण १५५ किलो येतं. कडेची क्षमता तेवढीच ठेवून जास्त उंच लाटांचा सी फ्लूट वापरला आणि जाडी ४ मिलिमीटर झाली, तर तोच खोका १७९ किलोपर्यंत जातो. फ्लूटचा कागद थोडा जास्त खर्च होतो, पण ताकद १५ टक्के वाढते. उलटही तितकंच खरं. छपाईच्या रोलरखाली, क्रीझिंगच्या, म्हणजे घडीची रेघ पाडण्याच्या, चुकीच्या सेटिंगमध्ये किंवा नुसतं गठ्ठे करकचून बांधल्यामुळे ३ मिलिमीटरचा पुठ्ठा २.४ वर आला, तर सूत्रानेच १० टक्के गेले. आणि चेपलेल्या फ्लूटची कडही कमजोर होते, त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान त्याहून जास्त. हे घडताना वजन एका ग्रॅमनेही हलत नाही. मार्केटिंगला खोक्याच्या चारही बाजूंवर गडद रंगात भरगच्च लोगो हवा असतो, त्यासाठी छपाईवाला दाब वाढवतो, फ्लूट आडवा होतो, आणि गेटवरचा काटा सांगतो की सगळं ठीक आहे.

यापुढची गोष्ट मला जास्त खटकते. कागद हवेतलं पाणी पितो. कोरड्या हवेत पुठ्ठ्यात ७-८ टक्के ओलावा असतो. आपल्याकडच्या जुलैत तो सहज १२ टक्क्यांच्या पुढे जातो. ६०० ग्रॅमचा, ८ टक्के ओलाव्याचा खोका १२ टक्क्यांवर गेला, तर तंतू तेवढेच राहून त्याचं वजन ६२७ ग्रॅम होतं. ओलावा एका टक्क्याने वाढला की दाबक्षमता साधारण ८ ते १० टक्क्यांनी उतरते. म्हणजे खोका २७ ग्रॅमने जड झाला आणि जवळजवळ तीस टक्क्यांनी दुबळा. काट्यावर मात्र तो पास, आधीच्यापेक्षा झोकात पास. खोके किलोच्या भावात घेणारी कंपनी पाण्याचे पैसे मोजते आणि वर ताकद गमावते. लबाडी करायची नसली तरी ही पद्धत गाळेवाल्याला तिकडेच ढकलते. अर्धस्वयंचलित गाळ्यात टू प्लायवर, म्हणजे एका लायनरला चिकटलेल्या फ्लूटवर, हाताने किंवा पेस्टिंग मशीनवर गम लावून लायनर चढवतात आणि शीट थप्पीत वाळायला ठेवतात. गममध्ये पाणी जास्त पडलं, थप्पी पुरती वाळायच्या आत रोटरीवर, म्हणजे शीट कापणाऱ्या मशीनवर, गेली, की घाईत निघालेला माल ओला, जड आणि मऊ. तो नाकारायचं कुठलंही कारण स्टोअरच्या वहीत नसतं.

थप्पी बसली की परचेसमधून पहिला हुकूम सुटतो, प्लाय वाढवा. थ्री प्लायचा फाइव्ह प्लाय होतो, १५० जीएसएमचा १८० होतो, वजन वाढतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तो फाइव्ह प्लायही बसतो. कारण गोदामात काहीच बदललेलं नसतं.

गोदामाचा हिशेबही एकदा करून बघावा. १२ किलोचे खोके ८ थरांत रचले, तर सर्वांत खालच्यावर ७ खोक्यांचा, म्हणजे ८४ किलोंचा भार. प्रयोगशाळेतला खोका काही सेकंद दाबला जातो. गोदामात तो महिनाभर उभा असतो, आणि महिन्याभरात त्याची सुमारे ६० टक्केच क्षमता कामाची उरते. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल, तर त्यातली पुन्हा साधारण ६० टक्के धरा. खोके विटांसारखे सांधा चुकवून रचले, तर वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या भिंतीच्या मधोमध येतो, जिथे ताकद सर्वांत कमी, आणि आणखी चाळीस टक्के जातात. ८४ ला या तिन्हींनी भागलं की सुमारे ३९० किलो क्षमतेचा खोका लागतो. तेच खोके कोपऱ्यावर कोपरा येईल असे सरळ रचले आणि त्यासाठी फक्त १० टक्के घट धरली, तर २६० किलोंत भागतं. एक तृतीयांश ताकद नुसती रचण्याच्या सवयीत जाते! सरळ थप्पी डुगडुगते हे खरं. त्यासाठी वरच्या थराला पट्टी किंवा स्ट्रेच फिल्म लावता येते, तिचा खर्च दोन जादा प्लायच्या मानाने किरकोळ आहे. पॅलेटच्या बाहेर खोका इंचभर लोंबू न देण्याला तर काहीच खर्च नाही. पण थप्पी पडली की दोष हमालावर ढकलायचा किंवा खोकेवाल्यावर. गोदामाच्या आखणीवर बोट ठेवलं, तर ते वरच्या साहेबाकडे जातं.

शिवाय प्रत्येक खोक्याला तेवढा भार घ्यावाच लागतो असंही नाही. पत्र्याचे डबे भरलेल्या खोक्यात भार डबेच घेतात. पुठ्ठ्याने त्यांना फक्त एकत्र धरायचं असतं, तिथे पातळ थ्री प्लाय पुरतो. तेलाच्या पिशव्या किंवा हापूस भरला तर आतल्या मालावर भार जाताच कामा नये, सगळा खोक्याने घ्यायचा. वाशीच्या फळबाजारात लाकडी पेट्यांच्या जोडीने पुठ्ठ्याचे खोके आले त्याला बरीच वर्षं झाली, तरी हवेची भोकं कोपऱ्याजवळ पाडलेले खोके अजून दिसतात. पिकत्या आंब्याला हवा हवी, पण तीच भोकं भिंतीच्या मध्याकडे सरकवली तर कोपरा शाबूत राहतो. त्यासाठी डायमधलं, म्हणजे कापायच्या साच्यातलं, पातं सरकवावं लागतं, कागद वाढवावा लागत नाही. ग्रॅममध्ये लिहिलेल्या ऑर्डरला या दोन खोक्यांतला फरकच कळत नाही. डब्यांचा खोका गरजेपेक्षा जाड होतो, आंब्याचा कमी पडतो.

आता कतरणीकडे. गाळेवाल्याला विचारलं तर तो सांगेल, कटिंग लागतंच, धंदाच तसा आहे. अर्धं खरं आहे. स्लॉट कापला की तुकडा पडणार, फ्लूट सुरू करताना पहिली काही शीट वाया जाणार, रिळाच्या पोटातला शेवटचा कागद सुरकुतलेला निघणार. पण मोठी गळती डेकलमध्ये, म्हणजे रिळाच्या रुंदीच्या हिशेबात, असते. वरच्याच ४००-३००-३०० च्या खोक्याचं उदाहरण घ्या. शीटची रुंदी म्हणजे खोक्याची रुंदी अधिक उंची, ६० सेंटिमीटर, दोन नग शेजारी १२०, कडा कापायला २, एकूण १२२. गाळ्यात रीळ आहे १३० चं, कारण स्टॉकिस्टकडे त्या दिवशी तेच होतं. ८ सेंटिमीटर, म्हणजे ६ टक्क्यांहून जास्त कागद पहिल्या मिनिटापासून कतरणीत जाणार, आणि तोही कोरा नाही, फ्लूट पडलेला, गम लागलेला, वीज आणि मजुरी खाल्लेला. मोठा प्लांट मिलकडून हव्या त्या रुंदीचं रीळ मागवतो. छोट्याला मिल दाराशी उभं करत नाही, कारण त्याची ऑर्डर एका ट्रकभरही नसते.

खोक्याची मापं ठरवणाऱ्या कंपनीने खोकेवाल्याला आधी एक फोन केला, तर यातलं बरंच वाचतं. रुंदी किंवा उंची दोन-तीन सेंटिमीटरने हलवून आतल्या मालाची मांडणी बदलता येते का, एवढंच विचारायचं. साध्या झडपांच्या खोक्याला सर्वांत कमी पुठ्ठा लागतो तो लांबी, रुंदी, उंची यांचं प्रमाण २:१:२ असेल तेव्हा. आपला ४००-३००-३०० चा खोका त्याच घनफळात साधारण ४१६-२०८-४१६ केला, तर ७ टक्के पुठ्ठा वाचतो. परीघ कमी झाल्याने ताकद ५-६ टक्के उतरते, तेही मान्य. कुठे ते परवडेल, कुठे नाही. पण हा विचार करायला कोणीतरी बसलं पाहिजे, आणि ६०० ग्रॅमच्या पीओमध्ये त्याला जागाच नाही. उलट जड खोका म्हणजे खोकेवाल्याचं मोठं बिल. कमी कागदात तीच ताकद देणारा हुशार माणूस या पद्धतीत स्वतःचंच बिल कमी करतो. मग तो हुशारी कशाला दाखवेल?

कतरणीबद्दल एक उत्तर हमखास मिळतं, वाया कुठे जातंय, वापीच्या कागद मिलला परत जातंय ना! हे उत्तर आपल्याला फार सोयीचं झालंय. कतरण कागदाच्या निम्म्याहूनही कमी भावात जाते, हा पहिला मुद्दा. दुसरा असा, की मिलमध्ये पुन्हा लगदा होताना तंतू आखूड होत जातात. पाच-सात फेऱ्यांनंतर ते कामातून जातात. आपला बहुतेक क्राफ्ट, म्हणजे खोक्यांचा तपकिरी कागद, आधीच रद्दीपासून बनलेला असतो, त्यात बाहेरून आयात केलेले जुने खोकेही असतात. तो कागद खोका न बनताच पुन्हा लगद्यात गेला, तर एक फेरी फुकट गेली. चीनने २०२१ च्या सुरुवातीपासून रद्दीची आयात पूर्ण बंद केली, तेव्हा आपल्या क्राफ्टचे भाव कसे भडकले हे या धंद्यातला कोणी विसरलेला नाही. इथली कतरण आणि तिथलं धोरण यांचा संबंध तेव्हा प्रत्येकाच्या खिशाला कळला होता.

आक्षेप आहेत, आणि काही वजनदार आहेत. परचेसवाले म्हणतात, काटा प्रत्येक गेटवर आहे, दाबाचं मशीन कुठे आहे? शिवाय जीएसएममध्ये चोरी होते; वजन हाच आमच्या हातातला एक पुरावा. चोरी होते, यात वाद नाही. पण बीएफ कमी असलेला जाड कागद घालून वजन भरता येतं आणि पाण्यानेही भरता येतं, तेव्हा हा पुरावा चोराला अडवत नाही, फक्त चोरीची रीत ठरवून देतो. वजन राहू द्या, पण ओलावा तपासून. हातात धरायचा मॉइश्चर मीटर फार महाग नसतो, आणि १० टक्क्यांच्या वरचा माल परत, ही एक ओळ उद्यापासून लिहिता येते.

दुसरा आक्षेप मला जास्त त्रास देतो. चाचण्यांची अट आली की मोठे स्वयंचलित प्लांट ती झेलतील, आणि वागळे इस्टेट, रबाळेतले दोन-चार मशीनचे गाळे मरतील. ही भीती खोटी नाही. त्यांची आधीच कोंडी झाली आहे. सप्टेंबर २०२५ पासून खोक्यावर ५ टक्के जीएसटी आणि क्राफ्ट कागदावर १८ टक्के, असा उलटा हिशेब आला. परतावा मिळतो, पण तोवर छोट्याचं भांडवल अडकून पडतं. अशा माणसाला कॉम्प्रेशन टेस्टर घ्या म्हणणं क्रूर आहे. पण छोटा गाळा काय विकतो ते बघा. दोनशे, पाचशे नगांची ऑर्डर, परवा हवा असलेला खोका, तीनदा बदललेलं माप. हे मोठ्या प्लांटला परवडत नाही. वजनाच्या स्पर्धेत मात्र छोटा हरणारच, कारण कागद मोठ्याला स्वस्त पडतो. ताकदीच्या स्पर्धेत त्याला निदान डोकं चालवायला वाव आहे: रिळं ओल्या फरशीवर न ठेवता फळ्यांवर ठेवणं, गमचं पाणी मोजून घालणं, पाती वेळेवर धार लावणं, शीट पुरती वाळू देणं. यातल्या कशालाही नवं मशीन लागत नाही.

मशीनचा प्रश्न सामाईक पातळीवर सुटू शकतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग अंधेरीत आहे, तिथे चाचण्या होतात. पण रबाळ्याहून भर पावसात नमुना घेऊन अंधेरी गाठायची, रिपोर्टची वाट बघायची, आणि खोके तर परवा द्यायचेत. छोटा गाळेवाला हे करणार नाही. ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन रबाळ्यात आहे, लघुउद्योजकांची टिसा वागळे इस्टेटमध्ये आहे. प्रत्येकी एक ईसीटी मशीन, एक कॉम्प्रेशन टेस्टर आणि नमुना ठरावीक हवेत ठेवायची एक बंदिस्त खोली, एवढं या संघटनांनी एमआयडीसीच्या मदतीने उभं केलं, तर नगामागे थोडक्या पैशांत त्याच दिवशी रिपोर्ट देता येईल. खोलीवर मी मुद्दाम भर देतो. जुलैतला नमुना तसाच दाबला तर गाळेवाल्यावर अन्याय, आणि एसीत वाळवून दाबला तर खरेदीदारावर.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये कागद, काच आणि धातूच्या पॅकेजिंगसाठी उत्पादकाच्या जबाबदारीचा मसुदा काढला. दिशा बरोबर आहे, पण त्यातही जबाबदारी मोजायची ती टनांत. किती टन बाजारात घातलं, किती टन परत वळवलं. हलका पण पुरेसा मजबूत खोका काढून जो टनच कमी वापरेल, त्याला वेगळं श्रेय द्यायचं की नाही, यावर उद्योगसंघटनांनी आत्ता आवाज उठवायला हवा. नाहीतर सरकारी हिशेबही गेटवरच्या काट्यासारखाच होईल.

बहुतेक कंपन्यांचे खोक्यांचे वार्षिक दर मार्च-एप्रिलमध्ये ठरतात, म्हणजे उन्हाळ्यात, जेव्हा खोके कडक असतात आणि कोणाला जुलै आठवत नाही. पुढच्या खेपेला दरपत्रक मागवताना परचेसने ग्रॅमच्या रकान्याशेजारी चार रकाने वाढवावेत: किती थर, किती दिवस, कुठल्या महिन्यात, आणि भार माल घेणार की खोका. मग खोकेवाल्यालाच सांगू द्यावं, की एवढ्यासाठी तो किती कागद घालेल. उत्तर ६०० ग्रॅमच्या खाली आलं, तर बचत दोघांत वाटून घ्यायची अट आधीच लिहून ठेवावी. नाहीतर अकाउंट्सवाले सगळी स्वतःकडे ओढतील, आणि पुढच्या वर्षी गाळेवाला पुन्हा गममध्ये पाणी घालायला लागेल.